सिंगापूरमध्ये एकट्याने चार दिवस: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

एकट्याने परदेशी जाण्याची पहिलीच वेळ असेल आणि हाताशी चारच दिवस असतील, तर सिंगापूरची निवड करण्याला ठोस कारणे आहेत. मुंबईहून थेट विमानाने साधारण साडेपाच तासांत तेथे पोहोचता येते, इंग्रजी सर्वत्र चालते, रात्री अकरा वाजता मेट्रोतून उतरून एकटी स्त्रीही निर्धास्तपणे चालत मुक्कामी जाऊ शकते, आणि खाण्याच्या ठिकाणी एकट्या माणसाकडे कोणी वळून पाहत नाही, कारण तेथील कितीतरी नोकरदार आपले दुपारचे जेवण एकट्यानेच उरकतात. शहर महाग आहे हे खरेच. परंतु खिसा मुख्यतः राहण्याची जागा, तिकीट असलेली आकर्षणे आणि मद्य या तीन ठिकाणी रिकामा होतो, आणि यांपैकी शेवटची दोन पूर्णपणे आपल्या हातात असतात.

निघण्यापूर्वी

भारतीय पारपत्रधारकांना सिंगापूरचा व्हिसा आधी काढावा लागतो. हा अर्ज सहसा अधिकृत व्हिसा एजंटांमार्फत केला जातो. सरकारी शुल्क ३० सिंगापूर डॉलर असून त्यावर एजंटाचा आकार वेगळा असतो, आणि व्हिसा नाकारला गेला तरी शुल्क परत मिळत नाही. प्रवासाच्या तारखेपासून पारपत्र किमान सहा महिने वैध असले पाहिजे. व्हिसा म्हणजे केवळ दारापर्यंत येण्याची परवानगी आहे. प्रत्यक्ष किती दिवस राहता येईल हे तेथे पोहोचल्यावर ठरते आणि ई-मेलने कळवले जाते. पारपत्रावर शिक्का मारला जात नाही, त्यामुळे तो ई-मेल जपून ठेवावा.

याखेरीज ‘एसजी अरायव्हल कार्ड’ नावाचा एक ऑनलाइन अर्ज पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरावा लागतो. तो सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य भरता येतो. शोधयंत्रात शोध घेतला असता पैसे मागणारी खासगी संकेतस्थळेही वरच्या बाजूला दिसतात, त्यांच्या नादी लागू नये. हा अर्ज म्हणजे व्हिसा नव्हे. भारतीय प्रवाशाला दोन्ही लागतात.

बँकेच्या अॅपमध्ये जाऊन आपल्या कार्डाचा परदेशातील वापर आणि परदेशातील ‘टॅप’ व्यवहार हे दोन्ही पर्याय सुरू करून घ्यावेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२० सालच्या नियमानुसार कार्ड देताना हे पर्याय बंदच ठेवले जातात, आणि हे न पाहता निघालेल्या माणसाची अडचण थेट मेट्रोच्या फाटकापाशी होते. सोबत थोडी रोख रक्कमही असावी, कारण हॉकर सेंटरमधील, म्हणजे एका छपराखालच्या खाद्यबाजारातील, अनेक गाळ्यांवर स्थानिक क्यूआर पद्धत किंवा रोख याच दोन गोष्टी चालतात, आणि त्यांतील पहिली आपल्याकडे नसते. विजेचे सॉकेट चौकोनी तीन पिनांचे असल्याने त्याचा अॅडॉप्टर सोबत न्यावा.

सामान भरताना काही बाबतींत विशेष काळजी घ्यावी. गुटखा आणि चघळण्याची तंबाखू नेण्यास तेथे बंदी आहे. ई-सिगारेटलाही बंदी आहे. सिगारेटवर करमाफीची मर्यादाच नसल्याने एक पाकीट नेले तरी ते जाहीर करून त्यावर कर भरावा लागतो. च्युइंगगम १९९२ पासून बंद आहे. मराठी घरांतून हमखास विसरली जाणारी वस्तू म्हणजे खसखस: तीसुद्धा तेथे प्रतिबंधित आहे, म्हणून दिवाळीच्या सुमारास तेथील नातेवाइकांकडे अनारसे किंवा खसखस घातलेले मसाले नेण्याचा मोह टाळावा. झोपेच्या गोळ्या आणि कोडीन असलेली खोकल्याची औषधे यांच्यावर निर्बंध असून त्यांच्यासाठी आगाऊ मंजुरी घ्यावी लागू शकते. इतर औषधांबरोबरही डॉक्टरांची चिठ्ठी असावी. अमली पदार्थांच्या बाबतीत तेथील कायदा मृत्युदंडापर्यंत जातो, तेव्हा विमानतळावर कोणत्याही अनोळखी माणसाची पिशवी क्षणभरही हाती घेऊ नये.

मुक्काम कोठे करावा

एकट्या प्रवाशाला हॉटेलची पूर्ण खोली घेणे परवडेलच असे नाही, कारण खोलीचे भाडे विभागून घ्यायला दुसरे कोणी नसते. त्यावर कॅप्सूल पद्धतीची वसतिगृहे हा चांगला उपाय आहे; अनेक ठिकाणी स्त्रियांसाठी स्वतंत्र दालने असतात आणि सामानासाठी कुलूपबंद कप्पे मिळतात. लिटल इंडिया, जालान बसार, कॅम्पाँग ग्लाम आणि चायनाटाउन या चार भागांत अशी वसतिगृहे बरीच आहेत. शाकाहारी माणसाने तर लिटल इंडियाच निवडावा असे मी सुचवीन, कारण सकाळी सात वाजता बाहेर पडून इडली-डोसा मिळण्याची खात्री असली की उरलेल्या दिवसात नवे पदार्थ शोधण्याची उमेद टिकते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास फॉर्म्युला वन शर्यतीच्या आठवड्यात भाडी फार चढतात, आणि चिनी नववर्षाच्या दिवसांत अनेक गाळे बंद असतात. हे दोन्ही काळ शक्यतो टाळावेत.

विमानतळावरून शहरात

चांगी विमानतळाचे मेट्रो स्थानक टर्मिनल २ आणि ३ यांच्याखाली आहे. मेट्रोला तेथे एमआरटी म्हणतात. ती १९८७ साली सुरू झाली. वेगळे तिकीट काढण्याची गरज नसते: फाटकावर बँकेचे कार्ड टेकवावे, आत जावे, आणि उतरल्यावर तेच कार्ड पुन्हा टेकवून बाहेर पडावे. कार्डाने आत जाऊन फोनने बाहेर पडल्यास ते एकच खाते असले तरी यंत्र त्यांना दोन निरनिराळे प्रवासी समजते आणि भाडे चुकीचे कापले जाते. परदेशी कार्डावर प्रवासाच्या प्रत्येक दिवशी ६० सेंट जादा आकारले जातात. चार दिवसांसाठी ही रक्कम किरकोळ आहे, त्यामुळे वेगळे प्रवासी कार्ड विकत घेण्याची खटपट करण्यात फारसा अर्थ नाही. बसमध्येही हेच कार्ड चालते, मात्र उतरताना ते टेकवण्यास विसरू नये, नाहीतर पूर्ण मार्गाचे भाडे कापले जाते.

शहराकडे जाणारे दोन मार्ग आहेत. पहिले स्थानक एक्स्पो. तेथे निळी डाउनटाउन मार्गिका मिळते. दुसरे स्थानक तानाह मेरा; तेथे हिरवी मार्गिका मिळते. लिटल इंडियाला जाणाऱ्याने निळ्या मार्गिकेचा नकाशा नीट पाहावा, कारण ती मार्गिका शहराच्या मध्यभागी मोठा वळसा घेते: आधी जालान बसार स्थानक येते, मग गाडी चायनाटाउन, बेफ्रंट आणि बुगिस असे फिरून कितीतरी वेळाने लिटल इंडियाला पोहोचते. प्रत्यक्षात जालान बसारला उतरून लिटल इंडियाचा मुख्य रस्ता, म्हणजे सेरंगून रस्ता, पायी गाठणे जवळचे पडते. स्थानकात आणि गाडीत खाण्यापिण्यास मनाई आहे, पाण्याचा घोटसुद्धा त्यात आला, आणि दंड ५०० डॉलरपर्यंत होऊ शकतो.

दिवसाची आखणी ऊन पाहून करावी

सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंश उत्तरेस आहे. त्यामुळे बारा महिने सूर्य साधारण सकाळी सातला उगवतो, संध्याकाळी सातला मावळतो, आणि हवा कायम दमट असते. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, म्हणून पहिल्या दिवशी सकाळी उठणे जड जाते. तरीही सकाळचे तीन तास वाया घालवू नयेत असा माझा आग्रह आहे. सकाळी आणि संध्याकाळी बाहेर चालावे, अकरा ते चार या वेळेत वातानुकूलित इमारतीत किंवा पंख्याखाली असावे. दुपारी विजांसह सर आली तर अर्धा तास थांबावे. हा क्रम पाळणाऱ्याला शहर चालण्याजोगे वाटते. भर दुपारी उद्यानात शिरणारा माणूस दुसऱ्या दिवशी टॅक्सीच शोधू लागतो.

पहिल्या दिवशी रात्रीच्या प्रवासाचा शीण असतो, म्हणून सामान वसतिगृहात ठेवून दुपार नॅशनल गॅलरीत घालवावी. २०१५ साली उघडलेले हे कलासंग्रहालय जुने सर्वोच्च न्यायालय आणि सिटी हॉल या दोन इमारती जोडून तयार केले आहे. समोरच्या पाडांग मैदानावर भारतीय माणसाने थोडा वेळ जरूर थांबावे: ५ जुलै १९४३ रोजी येथेच सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद सेनेची पाहणी केली आणि ‘चलो दिल्ली’ची हाक दिली, त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला कॅथे इमारतीत आझाद हिंदच्या हंगामी सरकारची घोषणा झाली. जवळच्या एस्प्लनेड पार्कमध्ये आझाद हिंद सेनेच्या स्मारकाच्या जागी आज एक स्मृतिफलक आहे. पर्यटकांच्या गर्दीचा ओघ मर्लायनच्या, म्हणजे सिंहाचे डोके आणि माशाचे धड असलेल्या, पुतळ्याकडे असल्याने या फलकापाशी बहुधा शांतताच असते.

तेथून पाण्याच्या कडेने हेलिक्स पूल ओलांडून मरीना बे सँड्सपर्यंत जाता येते. त्या हॉटेलच्या गच्चीवरील तरणतलाव केवळ तेथे उतरलेल्या पाहुण्यांसाठी असतो. इतरांना तिकीट काढून निरीक्षण सज्जात जाता येते, पण एकट्यासाठी तो खर्च मला अवाजवी वाटतो. त्याऐवजी मागच्या गार्डन्स बाय द बे या उद्यानात जावे. २०१२ पासून खुल्या असलेल्या या उद्यानात २५ ते ५० मीटर उंचीची पोलादी ‘सुपरट्री’ झाडे आहेत, आणि त्यांच्यावरील प्रकाश-संगीताचा कार्यक्रम रोज ७.४५ आणि ८.४५ वाजता विनामूल्य असतो. ७.४५ चा कार्यक्रम पाहून सावकाश परतले की मरीना बेच्या काठावरचा नऊचा पाण्याचा आणि प्रकाशाचा खेळही गाठता येतो. तिकिटाच्या दोन काचघरांपैकी एकच पाहायचे असेल, तर ३५ मीटरचा धबधबा असलेले क्लाउड फॉरेस्ट पाहावे.

दुसरा दिवस जुन्या वस्त्यांसाठी राखून ठेवावा, आणि तो पूर्णपणे पायी घालवावा. माझ्या मते सगळ्या सहलीतील सर्वांत मोलाचा दिवस हाच. सकाळी तेलोक आयेर स्थानकापासून सुरुवात करावी. तेलोक आयेर रस्ता हा एके काळचा समुद्रकिनारा आहे. भराव घालून समुद्र मागे हटवण्यापूर्वी नव्याने आलेली गलबते येथेच लागत, म्हणून सुखरूप पोहोचल्याबद्दल आभार मानण्याची सर्व धर्मीयांची स्थाने याच एका रस्त्यावर आली. चिनी खलाशांनी समुद्रदेवी माझूसाठी बांधलेले थियन हॉक केंग मंदिर, तमिळ मुस्लिमांचा नागोर दर्गा आणि अल-अब्रार मशीद ही तिन्ही एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. पुढे साउथ ब्रिज रस्त्यावर १८२७ सालचे श्री मारिअम्मन मंदिर, म्हणजे सिंगापूरमधील सर्वांत जुने हिंदू मंदिर, आणि त्याच्यापासून थोड्याच अंतरावर २००७ साली उभे राहिलेले बुद्धदंत मंदिर आहे. हिंदू मंदिरे दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास बंद होऊन संध्याकाळी उघडतात, म्हणून ही फेरी सकाळीच करावी. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे असले की कोठेही अडवणूक होत नाही.

दुपारच्या उन्हात जवळच्या सिंगापूर सिटी गॅलरीत शिरावे. प्रवेश विनामूल्य आहे, परंतु रविवारी ती बंद असते. शहराच्या मध्यभागाची अवाढव्य प्रतिकृती तेथे मांडलेली आहे, आणि १९६० साली स्थापन झालेल्या गृहनिर्माण मंडळाने बहुसंख्य नागरिकांना सरकारी घरांत कसे वसवले, हे ती पाहिल्यावर चटकन लक्षात येते. मुंबई-पुण्यात घरासाठी वणवण केलेल्या माणसाला या गॅलरीत तास-दीड तास कसा जातो ते कळत नाही. नंतर तशाच सरकारी वसाहतीच्या, पिनॅकल अॅट डक्स्टनच्या, पन्नासाव्या मजल्यावरील पुलावर थोडे पैसे भरून जाता येते. रोज मोजक्याच लोकांना सोडतात, पण एकट्या माणसाला सहसा जागा मिळते.

ऊन कलल्यावर वॉटर्लू रस्त्यावर यावे. येथील क्वान इम या करुणेच्या देवीच्या मंदिरात गर्दी असते, आणि शेजारीच श्रीकृष्णन मंदिर आहे. चिनी भाविक क्वान इमचे दर्शन घेऊन बाहेर पडतात आणि त्याच हातांनी कृष्णमंदिरासमोरही उदबत्त्या लावतात. हे कोणत्याही माहितीपुस्तिकेपेक्षा शहराविषयी अधिक सांगून जाते. तेथून कॅम्पाँग ग्लाममधील सुलतान मशीद पायी गाठता येते. तिच्या सोनेरी घुमटाच्या तळाशी काळसर पट्टा दिसतो, तो बाटल्यांच्या बुडांचा आहे. गरीब मुस्लिमांनाही बांधकामात हातभार लावता यावा म्हणून त्या त्यांच्याकडून गोळा केल्या होत्या. रात्री सेरंगून रस्त्यावर परतून दिवस संपवावा.

तिसऱ्या दिवशी शहराबाहेर पडावे, आणि त्यासाठी पुलाउ उबिन बेटाइतके योग्य ठिकाण नाही. तानाह मेराहून २ क्रमांकाची बस चांगी व्हिलेजला जाते. तेथील धक्क्यावरून लाकडी होड्या सुटतात. होडी बारा माणसे जमल्यावरच निघते आणि प्रत्येकी ४ डॉलर रोख द्यावे लागतात. एकट्या प्रवाशाला आठवड्याच्या मधल्या वारी थोडे थांबावे लागते, शनिवारी-रविवारी होडी लगेच भरते. बेटावर सायकली भाड्याने मिळतात. ब्रेक आणि सीटची उंची तपासूनच पैसे द्यावेत. बेटाच्या पूर्व टोकाला चेक जावा ही पाणथळ जागा असून तेथे खारफुटीतून आणि समुद्रावरून जाणारा लाकडी मार्ग आहे. ओहोटीच्या वेळी गेल्यास खेकडे, शिंपले आणि कोल्हांट्या मारणारे मासे दिसतात, म्हणून आदल्या रात्री भरती-ओहोटीच्या वेळा पाहाव्यात. रानडुकरे आणि माकडे असल्याने हातात खाऊची प्लास्टिक पिशवी धरून फिरू नये. पाणी सोबत न्यावे आणि शेवटच्या होडीवर अवलंबून न राहता दुपारी चारपर्यंत परतावे.

बेट नको असेल तर हार्बरफ्रंट स्थानकावरून माउंट फेबर चढून साउदर्न रिजेसची वाट धरावी. वाटेतील हेंडरसन वेव्हज हा लाटांच्या आकाराचा २७४ मीटर लांबीचा पूल रस्त्यापासून ३६ मीटर उंच आहे. नाइट सफारी चांगली आहे, परंतु दूर आहे; खातीब स्थानकाहून पुढे जावे लागते आणि एक पूर्ण संध्याकाळ खर्ची पडते. सेंटोसा बेटावरील मनोरंजन मुख्यतः कुटुंबांसाठी आणि मित्रांच्या टोळक्यांसाठी आहे, एकट्याने ते सोडून दिले तरी काही बिघडत नाही.

जेवण

हॉकर सेंटर म्हणजे एका छपराखाली डझनावारी गाळे आणि मध्ये सामाईक टेबले. ही खाद्यसंस्कृती २०२० साली युनेस्कोच्या यादीत आली. येथील बहुतेक पदार्थ एका माणसापुरते मिळतात, ही एकट्या प्रवाशाची मोठीच सोय आहे. उलट समुद्री खाद्याच्या उपाहारगृहांत खेकडा वजनावर विकला जातो आणि तो एकट्याला परवडत नाही. टेबलावर कागदी रुमालाचे पाकीट ठेवलेले दिसले, तर ती जागा कोणीतरी राखून ठेवली आहे असे समजावे. आपणही तसेच करावे, मात्र जागा राखण्यासाठी फोन किंवा पाकीट ठेवू नये. अनोळखी माणसाच्या टेबलावर बसताना एकदा विचारणे पुरे असते. खाऊन झाल्यावर ट्रे स्वतः उचलून ठरलेल्या ठिकाणी ठेवावा. २०२१ पासून ते बंधनकारक असून पहिल्या वेळी लेखी ताकीद आणि नंतर दंड होतो.

शाकाहाऱ्याने ‘नो मीट’ एवढेच सांगून भागत नाही. सुकी कोलंबी आणि तिची पेस्ट सांबल या मिरचीच्या चटणीत, लाक्सा या नूडल्सच्या रश्श्यात आणि परतलेल्या पालेभाज्यांतही असते. प्राटा या पराठ्याबरोबर येणारा रस्सा माशाचा असू शकतो, म्हणून डाळ हवी असे स्पष्ट सांगावे. आणि टोस्टवरील काया या गोड लेपात नारळाबरोबर अंडे असते. सर्वांत निर्धास्त पर्याय म्हणजे चिनी बौद्ध पद्धतीचे शाकाहारी गाळे. त्यांच्या पाटीवर ‘素’ ही खूण असते, तिचे चित्र फोनमध्ये ठेवावे. अशा अनेक गाळ्यांवर कांदा-लसूणही वापरत नाहीत, त्यामुळे जैन प्रवाशांना ते सोयीचे पडतात, फक्त कंदमुळे आणि अंडे यांविषयी विचारून घ्यावे. तेथे दिसणारे ‘मटण’ सोयाचे किंवा अळंब्यांचे असते, दचकू नये. बुगिसजवळच्या फॉर्च्यून सेंटर या साध्याशा इमारतीत अशा बऱ्याच शाकाहारी खानावळी आहेत. लिटल इंडियात टेक्का सेंटर आणि १९४७ पासून चालत आलेले कोमला विलास ही दोन ठिकाणे पुरेशी आहेत.

कॉफी मागताना ‘कोपी’ म्हटले की आटवलेले गोड दूध घातलेली येते, ‘कोपी-ओ’ म्हणजे बिनदुधाची पण साखरेची, आणि साखर नकोच असेल तर पुढे ‘कोसोंग’ जोडावे. वातानुकूलित उपाहारगृहाच्या दरपत्रकावर ‘++’ असे चिन्ह असेल, तर छापील किमतीवर १० टक्के सेवाशुल्क आणि त्यावर ९ टक्के कर चढणार हे गृहीत धरावे. वेगळी बक्षिसी देण्याची पद्धत नाही. नळाचे पाणी पिण्याजोगे असते. बाटली विकत घेऊ नये.

मदत लागलीच, तर पोलिसांसाठी ९९९ आणि रुग्णवाहिकेसाठी ९९५ हे क्रमांक आहेत. एकट्याने जाणाऱ्याने प्रवास विमा जरूर उतरवावा, कारण तेथील खासगी उपचारांचा खर्च आपल्या अंदाजापलीकडचा असतो.

शेवटचा दिवस

चौथ्या दिवशी सकाळी बोटॅनिक गार्डन्समध्ये जावे. १८५९ साली स्थापन झालेली आणि २०१५ पासून जागतिक वारसा यादीत असलेली ही बाग पहाटे पाचला उघडते आणि प्रवेश विनामूल्य आहे. तिकीट केवळ ऑर्किडच्या विभागाला आहे. पाच डॉलरच्या नोटेमागे छापलेले तेंबुसूचे झाड याच बागेत उभे आहे, नोट हातात धरून ते शोधावे. मलायातील रबराच्या लागवडीला चालना देणारे प्रयोगही येथेच हेन्री रिडली यांच्या देखरेखीखाली झाले.

विमानतळावर वेळेच्या बरेच आधी पोहोचावे. टर्मिनल १ ला लागून असलेल्या ज्युएल या इमारतीत ४० मीटर उंचीचा धबधबा आहे आणि तो सुरक्षा तपासणीच्या अलीकडेच पाहता येतो; टर्मिनल ४ वरून विमान असेल तर तेथे मेट्रो जात नाही, टर्मिनलांमधील बस घ्यावी लागते, हे ध्यानात ठेवून वेळ राखावा. एखाद्या दुकानात १०० डॉलर किंवा त्याहून अधिक खरेदी केली असेल आणि त्या वेळी पारपत्र दाखवले असेल, तर कराचा परतावा मिळतो. ती वस्तू मोठ्या बॅगेत असल्यास परताव्याच्या यंत्रावरील काम बॅग विमान कंपनीच्या हवाली करण्यापूर्वी उरकावे, कारण अधिकारी वस्तू पाहण्यास मागू शकतात आणि बॅग एकदा आत गेली की ती दाखवता येत नाही.